"एनीबडी कॅन डू" म्हणाले आणि बिल अडलं: इंग्रजीत कौतुक झालं की बोलायचं काय?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय हसण्यावारी नेण्यासारखा आहे, पण माझं हसू परवापासून पळालंय.

मी कराडची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात नोकरी. क्लायंट अमेरिकेत, ओहायोत. महिनाअखेरीला त्यांचे हिशोब जुळवायला दोन माणसं दोन दिवस बसायची. मी तीन आठवडे खपून एक स्क्रिप्ट लिहिली, आता तेच काम चार तासांत उरकतं. गेल्या कॉलवर त्यांचा मुख्य माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "धिस इज एक्सलंट वर्क. आय अ‍ॅम रिअली इम्प्रेस्ड." तोंडावर असं कुणी म्हटलं की माझे कान तापतात. तोंडातून आपोआप निघालं, "नो नो सर, इट इज नथिंग. एनीबडी कॅन डू."

तो दोन सेकंद गप्प. मग "ओह. ओके." आणि पुढचा विषय.

चार दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं. तिकडून मेल आली होती: काम कुणालाही जमण्यासारखं होतं, तर तीन आठवड्यांचं बिल कशाचं? मला वाटलं चेष्टा असेल. नव्हती. मॅनेजर सज्जन, त्यानं निस्तरलं. पण जाता जाता म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं का एनीबडीचं?"

तर प्रश्न असे. अशा वेळी नेमकं बोलायचं काय? नुसतं "थँक यू" म्हटलं तर "हो, मी आहेच हुशार" असं कबूल केल्यासारखं होत नाही का? आणि दुसऱ्याचं कौतुक करायचं तर कसं? तिकडच्या बायका कॉल सुरू झाला की एकमेकींना "आय लव्ह युअर टॉप", "आय लव्ह युअर हेअर" म्हणतात. मनापासून असतं का ते? मी म्हणायला गेले की लाडीगोडी लावल्यासारखं वाटतं.

---

तिसरा_चहा

ताई, तुमचं बिल तरी अडलं. आमच्या डायरेक्टरसाहेबांनी एकदा पाठीवर थाप मारून "गुड प्रेझेंटेशन" म्हटलं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "सेम टू यू सर." त्यांनी प्रेझेंटेशन दिलंच नव्हतं.

शाळेत दिवाळी, वाढदिवस, छब्बीस जानेवारी, सगळ्याला एकच उत्तर पाठ होतं हो.

(मेन्शन नॉट.)

---

जुनाखडू

चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले, त्यामुळे वरील दोन्ही अपघातांत माझाही थोडा हात आहे असे समजा.

आम्ही मुलांना आभार मानायला शिकवले, माफी मागायला शिकवले, रजेचा अर्ज तर झोपेतही लिहितील. पण कोणी स्तुती केली तर काय बोलावे, हा धडा मी एकदाही घेतला नाही. मराठीत आपण काय बोलतो ते तरी कोणी शिकवले होते? "छे हो", "कसचं काय", "तुमचं आपलं काहीतरीच" हे आपण आईच्या मागे उभे राहून शिकलो. कोयनाकाठ यांनी तेच इंग्रजीत बोलून दाखवले. शब्द इंग्रजी, बोलणे कराडचे. "कसचं काय" ऐकून मराठी माणूस म्हणतो, किती नम्र मुलगी आहे. ओहायोतल्या माणसाने ते अक्षरशः घेतले. त्याच्या दृष्टीने तुम्ही माहिती पुरवलीत.

तिसरा_चहा, "मेन्शन नॉट" ही "डोन्ट मेन्शन इट"ची आपल्याकडची उलटी आवृत्ती. ते आभारांना उत्तर आहे, कौतुकाला नाही. कोणी "नाइस शर्ट" म्हटल्यावर "डोन्ट मेन्शन इट" म्हणालात, तर शर्टाचा विषय काढू नका असा अर्थ होईल.

जाता जाता, इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन कॉम्प्लिमेंट आहेत. एकात मध्ये 'आय' येतो, तो कौतुकाचा. दुसऱ्यात 'ई', तो पूरक गोष्टीचा. मुलांना सांगायचो, कौतुक 'आय'ला म्हणजे मला आवडते, म्हणून त्यात आय. हॉटेलातला फुकटचा नाश्ताही आयवालाच. देवनागरीत ही भानगड नाही, हा आपला फायदा.

---

स्वरयंत्र

माझा विषय भाषाविज्ञान, म्हणून राहवत नाही. प्रतिसाद लांबेल.

कोयनाकाठ, तुम्हाला जी पंचाईत झाली ती इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही होते. अनिता पोमेरान्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाचा १९७८ चा लेख याच गाठीवर आहे. कौतुक झालं की ऐकणाऱ्यावर दोन ओढी एकदम येतात. समोरच्याशी सहमत व्हावं ही एक, आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये ही दुसरी. "हो" म्हणावं तर आढ्यता, "नाही" म्हणावं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं. म्हणून माणसं मधल्या वाटा काढतात. कौतुक थोडं खाली उतरवतात, श्रेय दुसऱ्याकडे ढकलतात, नाहीतर तेच कौतुक परत करतात: "तुझाही छान आहे की."

गोरे लोक नुसतं थँक यू म्हणून मोकळे होतात हा आपला समज आहे. रॉबर्ट हर्बर्ट यांनी एका अमेरिकन विद्यापीठात हजारावर प्रतिसाद गोळा केले. त्यांत सरळ स्वीकार होता साधारण तिसऱ्या हिश्शात. बाकीचे वळसे. त्यातला सगळ्यात अमेरिकन वळसा म्हणजे वस्तूचा इतिहास सांगणे. "नाइस जॅकेट!" "ओह, आय गॉट इट ऑन सेल." सेल म्हटलं की कौतुक माणसावरून सरकून दुकानावर जातं, आणि समोरचाही खोटा पडत नाही. हल्ली बायकांच्यात ठरलेलं उत्तर आहे: "थँक्स, इट हॅज पॉकेट्स!" झग्याला खिसे असणं ही तिकडे खरोखर आनंदाची बातमी.

आता "आय लव्ह युअर टॉप". जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोघींनी १९८१ मध्ये रोजच्या बोलण्यातली ६८६ अमेरिकन कौतुकं तपासली. माणसं इतकी वेगळी, प्रसंग इतके वेगळे, पण वाक्यं जवळजवळ साच्यातून काढलेली. निम्म्याहून जास्त कौतुकं "अमुक इज किंवा लुक्स तमुक" याच घडणीची. त्यानंतर "आय लाइक, आय लव्ह", मग "दॅट्स अ नाइस अमुक". वरचे तीन साचे धरले तर सुमारे ८५ टक्के कौतुकं संपली. विशेषणंही मोजकीच: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी, ग्रेट.

म्हणजे तिथं कौतुकात नावीन्य शोधत नाहीत. आपण "काय म्हणता, बरं आहे ना?" म्हणतो तसं ते बोलणं सुरू करायचं साधन आहे. मनापासून असतं का, हा प्रश्न "जेवण झालं का?" मनापासून विचारतात का, यासारखा आहे. कधी असतं, कधी नसतं, आणि कुणी तपासत नाही.

वुल्फसन यांचं आणखी एक निरीक्षण मला फार आवडतं. कौतुकाची देवाणघेवाण सगळ्यात जास्त होते ती ना जिवलगांत ना परक्यांत. होते मधल्या माणसांत: ऑफिसातले, शेजारचे, ओळखीचे. नातं अजून पक्कं झालेलं नसतं, म्हणून टाके घालावे लागतात.

---

टोरांटोत_मुंबईकर

स्वरयंत्र, जबरी. वाचनखूण साठवली.

प्रॅक्टिकल सांगतो, बारा वर्षं इकडे घासलीयेत. सूत्र एवढंच: थँक यू, मग एक वाक्य, मग तोंड बंद. कोयनाकाठ, तुमच्या केसमध्ये "थँक यू, आय अ‍ॅम ग्लॅड इट्स सेव्हिंग यू टाइम." बस. यात कुठेही मी हुशार आहे असं नाही. त्याचा वेळ वाचला याचा आनंद आहे, आणि तो तर खराच ना? टीमनं खरंच हात लावला असेल तर "द होल टीम वर्क्ड हार्ड ऑन इट". नसेल लावला तर उगाच नको. पुढच्या वेळी टीमलाच विचारतील, मग त्यांची पंचाईत.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. थांबणं. थँक यू म्हटल्यावर जी शांतता पडते ना, ती भरून काढायला आपण "अ‍ॅक्चुअली इट वॉज नॉट सो डिफिकल्ट" सुरू करतो आणि स्वतःच्याच पायावर धोंडा. त्या शांततेत काही नसतं. समोरचा फक्त पुढची स्लाइड शोधत असतो.

कौतुक करताना शब्दशः भाषांतर करू नका ही कळकळीची विनंती. नवीन आलो तेव्हा एका बाईंनी घरी जेवायला बोलावलं. सूप फर्स्टक्लास. मी भावुक होऊन म्हणालो, "देअर इज टेस्ट इन युअर हँड." त्यांनी हात उलटसुलट करून बघितला, मग उठून धुऊन आल्या.

"धिस इज डिलिशस, हाऊ डिड यू मेक इट?" एवढंच म्हणायचं होतं. रेसिपी विचारणं हे इकडे जेवणाचं सर्वोच्च कौतुक.

---

थेम्सकाठी

टोरांटोचं सूत्र अटलांटिकच्या या बाजूला अर्धंच चालतं. इंग्रज माणूस कौतुक करतो ते मीठ मोजून टाकल्यासारखं. "नॉट बॅड" म्हणजे चांगलं. "नॉट बॅड अ‍ॅट ऑल" म्हणजे घरी फोन करून सांगा. उलट "क्वाइट गुड" ऐकून मी पहिल्या वर्षी खूश झाले होते. अमेरिकन माणूस क्वाइट म्हणतो तेव्हा जोर वाढतो, इंग्रजाच्या तोंडी तो बहुतेक वेळा कमी होतो. "बरं होतं, पण" यातला तो 'पण' त्यानं गिळलेला असतो. "दॅट्स अ ब्रेव्ह डिसिजन" म्हणाले तर निर्णय लगेच मागे घ्या.

आणि इथल्या बायकांना "लव्हली ड्रेस" म्हणून बघा. "ओह, धिस ओल्ड थिंग?" अगदी आपल्या मावशीसारखं: "अगं जुनीच आहे, कपाटात पडली होती." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एवढंच की त्या "थँक यू" आधी म्हणतात आणि जुनं असल्याचं मग सांगतात. आपण थँक यू गाळतो.

---

निमूट

सगळं ठीक. पण आपणच का बदलायचं?

आमच्या घरी तोंडावर स्तुती करायची नाही हा नियम होता. वडील माझ्याबद्दल चांगलं बोलायचे ते शेजाऱ्यांकडे, मी घरात नसताना. मला ते तिसऱ्याकडून कळायचं, आणि त्याचा आनंद थँक यूवाल्यांना कळणार नाही. समोर फक्त "हं, बरंय." बी.एस्सी.ला जिल्ह्यात पहिला आलो तेव्हासुद्धा "हं, बरंय."

स्तुतीनं मूठभर मांस चढतं, आणि चढलेलं मांस उतरवायला फार वेळ लागतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवतात ते पाडायलाच. समर्थांनी मूर्खलक्षणांत "आपली आपण करी स्तुती" हे अगदी सुरुवातीलाच घातलंय. लहान बाळ गोड दिसतंय म्हटलं की आजी आधी तीट लावायची, मग बोलायची. दृष्ट लागते हे तुम्ही मानू नका, पण त्यामागे शहाणपण होतं.

इकडे आता नातू चित्र काढतो, चार रेघा मारतो, सून म्हणते "वॉव, अमेझिंग." तो म्हणतो "थँक यू, आय नो." मी चष्मा पुसत बसतो.

---

शेवयाची_खीर

निमूटकाका, "आय नो"ला माझाही विरोध. पण "हं, बरंय" ऐकत वाढलेली मुलगी मीही आहे. वडील शेजाऱ्यांकडे काय बोलायचे ते मला कळलं त्यांच्या तेराव्याला. तेव्हा आनंद झाला नाही हो.

मला दुसरंच म्हणायचंय. आपण कौतुक स्वीकारत नाही असं सगळेच धरून चाललेत. आपण स्वीकारतो, फक्त शब्दांनी नाही. पाहुणे म्हणाले "भाजी काय फक्कड झालीय!" आई म्हणते "कसचं काय, मीठच जरा जास्त पडलंय," आणि म्हणता म्हणता पळी त्यांच्या ताटात. "घ्या ना अजून थोडी." तो नकार तोंडाचा आणि स्वीकार पळीचा. आग्रहाला नाही म्हणायचं, मग घ्यायचं, हेही ठरलेलं. साडीचं कौतुक केलं तर "तुला नेसायचीय का? ने लग्नाला." माझ्या मामीकडे फुलदाणी सुंदर आहे म्हणायची चोरी होती, निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून हातात.

इंग्रजीत पळी नाही. वाढायला काही नसतं, म्हणून शब्दानंच पोचपावती द्यावी लागते. मला थँक यू म्हणजे तेवढंच वाटतं, पोस्टमननं पुढे केलेल्या कागदावरची सही. पाकिटात काय आहे याबद्दल सही काही म्हणत नाही.

आणि हो, उलटही लक्षात ठेवा. कॅनडातल्या बाईंनी फुलदाणीचं कौतुक केलं तर ती देऊ नका. घाबरतात. आणि "केवढ्याला पडली?" विचारू नका, आपल्याकडे ते कौतुकच असतं, तिकडे चौकशी.

---

स्वरयंत्र

शेवयाची_खीर, "नकार तोंडाचा आणि स्वीकार पळीचा" हे मी वर्गात वापरणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

निमूट, आपणच बदलतो असं नाही. रोंग चेन यांनी १९९३ मध्ये चीनमधल्या शीआन शहरातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. कौतुक झाल्यावर काय म्हणाल, याची ९५ टक्क्यांहून जास्त उत्तरं नकाराची होती. अगदी आपलं "कसचं काय". त्याच शहरात पुन्हा तसाच अभ्यास करून २०१० मध्ये छापला, तर बहुतेक उत्तरं स्वीकाराची. सतरा वर्षांत पारडं उलटं. नातवाचं "आय नो" तेवढं मात्र शीआनमध्येही शोभलं नसतं.

---

मांडवीपल्याड

अवांतर: आमच्या कोंकणीत थँक यूला "देव बरें करूं" म्हणतात. देव तुझं भलं करो. कौतुकाला हे बरं पडतं. माझं थोर असणं नाही, नाकारणंही नाही, सगळं देवाच्या खात्यावर. ओहायोत चालेल का ठाऊक नाही.

---

दुपारचा_डबा

जरा नाजूक विचारतो. टीममधल्या बाईमाणसाचं कौतुक करायचं तर काय बोलावं? आजकाल काहीही म्हटलं तरी तक्रार होईल अशी भीती. मी "नाइस" सुद्धा म्हणणं सोडलंय.

---

शेवयाची_खीर

एवढं घाबरायचं कारण नाही हो. तिनं जे केलं किंवा निवडलं त्याबद्दल बोला, तिच्या शरीराबद्दल नको. "तुमचं कालचं अ‍ॅनालिसिस फार नेमकं होतं" यावर कुणी तक्रार करत नाही. "नाइस साडी" पण एकदा म्हणून पुढे गेलात तर चालतं, नजर तिथंच ठेवून तीनदा म्हणालात तर नाही. २०१३ च्या कायद्यात नको असलेली लैंगिक अर्थाची शेरेबाजी हीसुद्धा छळात धरली आहे, आणि "आज एकदम हॉट" हे कौतुक नसून शेरा आहे एवढं कळायला कायदा वाचायची गरज नसावी.

वजनाबद्दल तर कुणालाच काही नको. "यू हॅव लॉस्ट वेट!" आपल्याकडे आनंदानं म्हणतात, समोरची आजारातून उठलेली असते. "हेल्दी दिसतेयस" चा अर्थ तर मराठी बाईला बरोबर कळतो.

भारतीय इंग्रजीतला एक सापळा सांगून ठेवते: "होमली". आपल्या स्थळांच्या जाहिरातीत तो गुण. एका ओळखीच्यांनी अमेरिकन जावेची ओळख "शी इज व्हेरी होमली" अशी करून दिली. तिकडे त्याचा अर्थ दिसायला सुमार. त्या दिवसापासून दोघींचं व्हॉट्सअ‍ॅप फक्त सणावारी.

---

तिसरा_चहा

आणि कुणी "युअर इंग्लिश इज सो गुड" म्हणालं तर? मला नागपूरच्या विमानात एका परदेशी गृहस्थानं ऐकवलं. आनंद व्हावा की राग यावा ते कळेना. तोवर विमान उतरलं.

---

थेम्सकाठी

हे कौतुक मला महिन्यातून एकदा मिळतं, आणि कौतुकाच्या पोटात काय असतं ते त्यानंच कळतं. "तुझ्याकडून एवढी अपेक्षा नव्हती" हे त्यात दडलेलं असतं. म्हणणारा बहुतेक वेळा भला असतो, त्याला त्याचा पत्ताही नसतो.

अगदी वरच्या पातळीवरही हे घडतं. जुलै २०२५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये आफ्रिकेतल्या पाच देशांच्या अध्यक्षांना जेवण होतं. लायबेरियाचे अध्यक्ष जोसेफ बोआकाई बोलले, तर ट्रम्प यांनी त्यांच्या सुंदर इंग्रजीचं कौतुक केलं आणि इतकं छान कुठं शिकलात असं विचारलं. लायबेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे! अमेरिकेतून गेलेल्या कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकात तिथं वसाहती केल्या, त्यातून तो देश उभा राहिला. हे कौतुक मायदेशी अनेकांना झोंबलं. सरकारनं मात्र यात अपमान नाही अशी भूमिका घेतली.

माझं उत्तर ठरलेलं आहे. हसून "थँक यू, सो इज युअर्स." ज्याला कळायचं त्याला कळतं. ज्याला कळत नाही तो थँक यू म्हणतो.

---

जुनाखडू

उत्तम! चौतीस वर्षांत मला हे सुचले नाही.

वरिष्ठांच्या बाबतीत एक सूचना. "वेल डन" आणि "गुड जॉब" हे वरून खाली येणारे शब्द आहेत, आपल्या "शाब्बास"सारखे. साहेबांच्या भाषणानंतर "वेल डन सर" म्हणणे म्हणजे हेडमास्तरांची पाठ थोपटणे. तिथे काय पटले ते सांगावे: "आय फाउंड द सेकंड पार्ट व्हेरी यूसफुल." नेमके सांगितले की लाडीगोडी वाटत नाही, कारण लाडीगोडी लावणाऱ्याने भाषण ऐकलेले नसते.

---

दुपारचा_डबा

+१. आणि शेवयाची_खीर, उत्तराबद्दल आभार. आज एका सहकारी बाईंना म्हटलं की तुमची मेल वाचून पहिल्यांदाच विषय समजला. त्या म्हणाल्या, "काही काम आहे का?"

---

कोयनाकाठ

धागा वर काढतेय, हिशोब द्यायचाय.

काल पुन्हा कॉल होता. लॅपटॉपच्या कडेला चिकटचिठ्ठी लावली होती, त्यावर दोनच शब्द: "थँक यू. थांब." तोच माणूस. म्हणाला, "नाइस टर्नअराउंड ऑन द फिक्स." मी म्हटलं, "थँक यू. आय अ‍ॅम ग्लॅड इट हेल्प्ड." आणि जीभ दातांखाली धरली. खरंच सांगते, "इट वॉज ओन्ली टू लाइन्स" ओठांपर्यंत आलं होतं. दोन सेकंद शांतता. टोरांटोवाले म्हणाले तेच, तो स्लाइड शोधत होता. सापडली, पुढे गेला. मॅनेजरनं चॅटवर नुसता अंगठा पाठवला.

मग संध्याकाळी घोळ झाला. समोरच्या काकू आल्या होत्या, त्यांना भरलं वांगं वाढलं. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "काय चव आलीय गं, सासूबाईंच्या हातची आठवण झाली." मी दिवसभराच्या सरावात. म्हटलं "थँक्यू काकू." आणि थांबले.

त्याही थांबल्या. ताट तसंच हातात, माझ्या तोंडाकडे बघतायत. मी त्यांच्याकडे. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं बघत काय बसलीस, वाढ की त्यांना अजून एक!"

---

शेवयाची_खीर

पळी विसरलीस ना!

---

जुनाखडू

कोयनाकाठ, अभिनंदन. काकूंना सासूबाई आठवाव्यात असे वांगे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पाककृती अवश्य टाका.

---

कोयनाकाठ

अहो कसचं काय काका, त्यात काही नाही विशेष. कुणीही करेल असं आहे.

---

तिसरा_चहा

मग तीन आठवड्यांचं बिल कशाचं लावलंत?